आईचं होल्ड

आमच्या घरात इंग्रजीतला एकच शब्द खऱ्या अर्थानं राहायला आला, तो म्हणजे ‘होल्ड’. थँक्यू, सॉरी ही मंडळी पाहुण्यासारखी येऊन-जाऊन असायची. होल्ड मात्र बाडबिस्तरा घेऊन आला, आणि त्याला घरात आणलं माझ्या आईनं. तिचं शिक्षण रत्नागिरीकडच्या एका गावातलं, जुनी मॅट्रिक, तीही मराठीतून. इंग्रजी तिला वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की ती पदर सावरून गप्प बसायची.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा सगळे न्यू बॉम्बे म्हणायचे, आणि म्हणताना तोंड असं करायचे की जणू आम्हाला काळ्या पाण्याची शिक्षा झालीय. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आलो होतो. बाबांना ते घर मनापासून कधी आवडलंच नाही. डास फार, संध्याकाळी कारखान्यांचा वास, बाजार लांब. त्यात भिंतींचं प्लास्टर इतकं भुसभुशीत की खिळा ठोकला की मूठभर वाळू घेऊन बाहेर यायचा. कॅलेंडर लावायला गेले की बाबा हातोडी खाली ठेवून म्हणायचे, “जिथे खिळा धरत नाही तिथे माणूस काय धरणार?”

आईचा मात्र त्या घरावर जीव. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या नळावर पाणी भरलं होतं. इथे स्वतःचा नळ, स्वतःचा ओटा, आणि ओट्यासमोर खिडकी. ती खिडकीत उभी राहून भाजी निवडायची आणि उगीचच हसायची. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणायची, “काय नाय गो. बरं वाटतं.”

आणि नेमकी तेव्हाच बाबांची कंपनी गुजरातेत हलायची ठरली. साहेबांनी बाबांना सांगितलं, चला तिकडे, नाहीतर दुसरीकडे बघा. बाबा घरी येऊन म्हणाले, “जागा भाड्यानं देऊ आणि सगळेच जाऊ.” आई म्हणाली, “मी हे घर सोडणार नाही.” माझ्या आठवणीत बाबांना तिनं इतकं सरळ ‘नाही’ त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. बाबाही चकित झाले. तसे ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते. एका पगारात दोन ठिकाणी चूल कशी पेटायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

उत्तर आलं खालच्या मजल्यावरून. तिथले काका रबाळ्याच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघायचे. तिथली टेलिफोन ऑपरेटर लग्न होऊन गेली होती. आई जाऊन भेटली. तिथल्या साहेबांनी विचारलं, “इंग्लिश येतं?” आई म्हणाली, “समजतं.” साहेबांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “ठीक आहे, ट्रायलवर या. दिवाळीपर्यंत बघू.” बाबांची बदलीही दिवाळीनंतरच होती. मग घरात करार झाला. आई नोकरीत पक्की झाली तर आम्ही दोघी इथे राहायचं आणि बाबांनी एकट्यानं जायचं. नाही झाली तर गाशा गुंडाळून सगळ्यांनी गुजरात. मी तेव्हा दहावीत होते, म्हणजे जगातलं सगळं कळण्याच्या वयात. मलाही वाशी सोडायची नव्हती, त्यामुळे आईला पक्की करायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

पहिल्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता दारातच म्हणाली, “होल्ड म्हणजे नेमकं काय गो?”

कारखान्यात लाकडाचा एक बोर्ड होता. त्यावर लाइनींचे दिवे, दोऱ्या आणि बटणं. बाहेरून फोन आला की दिवा लागायचा. तो घ्यायचा, “प्लीज होल्ड द लाइन” म्हणायचं, आणि आतला माणूस सापडेपर्यंत फोन करणाऱ्याला तसंच ठेवायचं. वाक्य साहेबांनी घोकून घेतलं होतं. पण आईला अर्थ कळल्याशिवाय घास गिळवत नसे.

मी शाळेची जाडजूड डिक्शनरी काढली. होल्डनं अख्खी पानं व्यापली होती. मी ऐटीत वाचत गेले. मूल कडेवर घ्यायचं, ते होल्ड. मीटिंग भरवायची, तेही होल्ड. बाटलीत दूध मावतं, होल्ड. श्वास रोखायचा, होल्ड. जीभ आवरायची, किल्ला लढवायचा, एखादं मत असायचं, पगार अडकवायचा, शब्द पाळायला लावायचं, सगळं होल्ड. आई तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी ताट खाली ठेवून म्हणाली, “अगो बाई! एवढी सगळी कामं एकट्यावर? हा शब्द आहे की घरातली थोरली सून?”

त्या दिवसापासून होल्ड आमच्या घरातलं माणूस झाला. बाबांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की आतून आवाज यायचा, “प्लीज होल्ड!” नळ मधेच गेला की मोरीत साबण लावून बसलेल्या मला, “होल्ड गो, बादली आणते.” बाबाही कमी नव्हते. त्यांच्या बदलीचा कागद वरच्या ऑफिसात पडून होता, तर ते म्हणायचे, “तुझ्या आईचा भाऊ लागतो वाटतं हा होल्ड. माझी बदलीपण त्यानंच अडवलीय.” आणि मग आम्ही तिघंही हसता हसता गप्प व्हायचो, कारण दिवाळी जवळ येत होती.

सराव रोज संध्याकाळी चालायचा. आमटीचा डाव कानाला लावून आई ओट्याशी उभी, मी बाहेरच्या खोलीत बाटली कानाला लावून. जवळच्या बोनकोडे गावची एक मावशी आमच्याकडे मासे विकायला यायची. तिची शेती टाउनशिपमध्ये गेली होती, मुलगा आईच्याच कारखान्यात मेंटेनन्सला लागला होता, आणि ही जुन्या सवयीनं पाटी घेऊन सेक्टर-सेक्टर फिरायची. ती दारात बसून हा तमाशा बघायची. “ताई, तू डावाशी का बोलतेस? पोरी, आयशीला बरा नाय का?” मी तिला समजावलं की कामाची प्रॅक्टिस चाललीय. मग तीही खुशीत आली. बोंबील मोजता मोजता म्हणायची, “बोल, बोल, तुजा इंग्लिस बोल. मना ऐकाला बरा वाटते.”

आईचा उच्चार सुधारला. गाडी अडली ती भलतीकडेच.

कुणालाही लाइनवर ठेवून गप्प बसणं तिला जमेना. होल्ड म्हटलं की मिनिटभरात ती परत त्या माणसाकडे जायची. “आहात ना? साहेब अजून बोलतायत हं. मी आहे.” पुन्हा थोड्या वेळानं, “आहात ना? आता येतीलच.” मग त्या माणसाला ठसका लागला तर, “खोकला बरा नाही का झाला? अडुळसा घ्या.” मुंबईच्या एका माल पुरवणाऱ्यानं साहेबांना सांगितलं, तुमची ऑपरेटर फार गोड आहे, पण मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. साहेबांनी आईला बोलावलं आणि म्हणाले, “मॅडम, होल्ड म्हणजे होल्ड. लाइन द्या, गप्प राहा. हे असंच चालणार असेल तर दिवाळीनंतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.”

घरी आल्यावर मी तिच्यावर भडकले. “कशाला पण बोलतेस तू? लोक थांबतात आपापले!”

“अगो, दारात माणूस उभा करायचा आणि आत जाऊन बसायचं? आमच्याकडे नाही असं करत. चूल फुंकत असलो तरी बाहेर येऊन म्हणतो, बसा हं, आलेच. त्याला कळायला नको, आपली आठवण आहे म्हणून?”

“हे दार नाहीये, आई. फोन आहे.”

“माणूस तोच ना पण?”

मग मी आणखी कडक झाले. तिला गप्प बसायला शिकवायची एक युक्ती मी काढली. कुकर लावायचा, मी बाटलीतून “हॅलो” म्हणायचं, तिनं होल्ड म्हणायचं, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तिची काय तगमग व्हायची! ओठ घट्ट मिटलेले, डाव कानाला, नजर कुकरवर. वाफ फुसफुसायला लागली की ती पाय बदलायची. आणि शिट्टी व्हायच्या अगदी आधी हमखास फुटायची, “आहेस ना गो?”

शेवटी जमलं. शिट्टी झाली तरी ती गप्प राहायला लागली. साहेबांनी ‘इम्प्रूव्हमेंट’ हा शब्द वापरला. मी तर आनंदानं उड्याच मारल्या. आई मात्र त्या आठवड्यात घरी यायची ती उतरलेल्या चेहऱ्यानं. एकदा जेवताना बाबांना म्हणाली, “अहो, दिवे लागलेले दिसत असतात समोर. प्रत्येक दिव्यामागे कुणीतरी उभं असतं. आणि मी आपली पुतळ्यासारखी बसलेली.” बाबांनी तिच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाले, “मग सोड ना. चल माझ्याबरोबर.” आईनं नकारार्थी मान हलवली.

दिवाळीला थोडेच दिवस राहिले असताना ती दुपार आली. मी घरी अभ्यास करत होते, तर बोनकोड्याची मावशी धावत जिना चढून आली. डोक्यावर पाटी नव्हती, हे मला आधी दिसलं. पाटीशिवाय तिला मी कधी पाहिलंच नव्हतं.

“ताई कुठं हाय?”

“कामावर. का हो?”

“भोंगा थांबं नाय. रबाल्याचा भोंगा मगापासून वाजते. गावातली मानसा बोलतान, गॅस झाला. माजा पोर तिकडं हाय. फोन लाव, पोरी, फोन लाव!”

पाळी बदलायला भोंगा वाजायचा तो थोडाच वेळ. न थांबता वाजतोय म्हणजे काहीतरी झालंय. गॅस गळून माणसं मेल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या, नुसतं गॅस म्हटलं की कुणाचाही धीर सुटायचा. तिचा मुलगा तिथे होता आणि माझी आई पण तिथेच होती.

फोन आमच्याकडे नव्हता, होता कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात. आम्ही पळतच गेलो. बातमी तिथेही पोचली होती, दोन-चार बायका आधीच उभ्या होत्या. मी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज. मावशीनं माझा दंड धरला होता, तो दिवसभर दुखत राहिला. कितव्यांदा तरी रिंग गेली आणि पलीकडून आवाज आला, “गुड आफ्टरनून.”

आई! जिवंत होती, बोलत होती. तिच्या मागे भोंगा नुसता किंचाळत होता.

“आई, मी बोलतेय! काय झालंय तिथे?”

“प्लीज होल्ड द लाइन,” ती म्हणाली. मीच शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात. आणि खट्ट आवाज होऊन सगळं शांत झालं.

ती शांतता मी कधी विसरणार नाही. कुकरशेजारी बसून मी जिचा एवढा सराव करून घेतला होता, ती आता माझ्या कानात होती. पलीकडे आहे की नाही, आपण आठवणीत आहोत की नाही, काही कळत नाही. मावशी विचारत होती, “काय बोलली? काय बोलली ताई?” काय सांगू तिला? मी रिसीव्हर नुसता कानाला दाबून उभी राहिले आणि चक्क रडायला लागले.

आणि मग आवाज आला. “आहेस ना गो?”

“आहे!” मी ओरडले.

“रडू नकोस. मी आहे. गॅस-बिस काही नाही, भोंगा अडकलाय नुसता. खूप फोन आहेत, सगळ्यांना सांगतेय. मावशी आहेत का तिथे? दे त्यांना.”

मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात घेतला. मी तो तिच्या आणि माझ्या कानाच्या मधे धरला. आईनं तिलाही सांगितलं, भोंगा अडकलाय, काही झालेलं नाही. मावशी म्हणाली, “तू बोलतेस ता खरा असंल, ताई. पन माजा पोर कुठं हाय ता सांग.”

“बघते हं. फोन ठेवू नका. मी आलेच.”

पुन्हा शांतता. पुन्हा आई. “आहात ना मावशी? खात्यात नाही तो. शोधतायत. मी आहे.” मावशीनं माझा दंड आणखी आवळला. पुन्हा शांतता, पुन्हा आई. “आहात ना? कँटीनमध्ये पण बघतायत.” मधेच तिच्या मागून साहेबांचा आवाज ऐकू आला, “मॅडम, बाहेरच्या सगळ्या लाइन कट करा! हेड ऑफिसचा फोन येणार आहे, त्यांना लाइन मिळायला पाहिजे!” आई म्हणाली, “येस सर.” आणि लगेच आमच्याकडे वळून हळूच, “मी आहे हं.”

तिनं एकही लाइन कापली नाही. सगळे दिवे तसेच पेटते ठेवून ती एकेकाकडे जात राहिली. हे करताना आपण घरावर पाणी सोडतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्या क्षणी मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. ती परत येतेय ना, एवढंच मी ऐकत होते.

मग ती आली ती हसतच. “मावशी, सापडला! वर छपरावर चढलाय. भोंग्याची वायर तोच तोडतोय. ऐका हं आता.” तिनं बहुतेक तोंडाजवळचा माउथपीस बाजूला धरला असावा. भोंग्याचा आवाज एकदम मोठा झाला, आमचे कान फाटायची पाळी आली, आणि मग तो तुटला. मागे माणसांचा गलका उठला. “ऐकलंत? तुमच्या मुलानं थांबवला.”

मावशी फोनमध्ये जोरात ओरडली, “मेल्याला सांग, आदी खाली उतर म्हना! पाय घसरला म्हंजे?” दुकानातल्या बायका हसल्या. मावशी तिथेच साखरेच्या पोत्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

संध्याकाळी आई घरी आली, चपला काढल्या, आणि बाबांना म्हणाली, “बांधाबांध सुरू करू या. मी साहेबांचं ऐकलं नाही आज.” बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. पण ते म्हणाले, “नसतंस ठेवलं लाइनवर, तर ह्या पोरीचं काय झालं असतं?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. “मी काय सांगितलं होतं?” आई म्हणाली, “लाइन कट करा म्हणाला होतात. घाबरलेल्या माणसाचा फोन माझ्याच्यानं ठेवला जात नाही, सर. तुम्हाला दुसरी मुलगी बघायची असेल तर बघा.” साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, “माझी आई ठाण्याहून फोन करत होती काल. तुम्ही तिला काय सांगितलं?”

आईला आठवलं. एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना तिनं चारदा सांगितलं होतं, साहेब समोरच उभे आहेत, मला दिसतायत, घाम पुसतायत, चहा मागवलाय त्यांनी, तुम्ही काळजी करू नका.

साहेब म्हणाले, “पक्क्याचं पत्र मिळेल तुम्हाला. आणि मॅडम, कुणाच्या खोकल्याची चौकशी नको.”

आईनं आल्या आल्या हे सांगितलं आणि मी तिला उचलून गिरकीच घेतली. दोघीही हसून लोळायच्या बेतात होतो. बाबाही हसत होते. मग कुणीतरी आधी थांबलं आणि आम्हा तिघांनाही एकदम कळलं, की आता बाबा एकटे जाणार.

जायच्या आधीच्या रविवारी बाबांनी भिंतीला भोक पाडलं, त्यात लाकडाची गुल्ली ठोकून बसवली आणि गुल्लीत खिळा मारला. ओढून बघितला. खिळा हलला नाही. “तुझी पर्स लाव इथे,” ते आईला म्हणाले, “रोज जाताना शोधत असतेस.”

ते गेले त्या दिवशी आईला रजा मिळाली नाही. नुकतीच पक्की झालेली, मागणार तरी कशी? डबा भरून, लोणच्याची बाटली फडक्यात बांधून, ती सकाळी कामावर निघून गेली. दुपारी मी शाळेतून आले तर दाराला कुलूप होतं आणि बाबांच्या चपलांची जागा रिकामी. संध्याकाळी आई आली, तिनं पर्स खिळ्याला अडकवली आणि कुकर लावला.

त्या दिवसाची खरी गोष्ट तिनं मला सांगितली ती कितीतरी वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर. आम्ही दोघी त्याच ओट्याशी उभ्या होतो. त्या दुपारी गाडीला वेळ होता म्हणून बाबांनी स्टेशनाबाहेरच्या एका दुकानातून तिच्या कारखान्यात फोन लावला होता.

“मी म्हटलं, गुड आफ्टरनून. तर म्हणाले, मी बोलतोय.”

“मग?”

“मग दुसऱ्या लाइनी वाजायला लागल्या. त्यांना म्हटलं, प्लीज होल्ड. म्हणाले, हो हो, कर तू काम.” आई हसली. “मधून मधून मी जात होते त्यांच्याकडे. आहात ना? तर म्हणायचे, आहे. पुन्हा कामाला लागायची. पुन्हा जायची. आहात ना? आहे.”

“एवढंच बोललात?”

“दुसरं काय बोलणार? त्यांचा दिवा होता समोर. बरं वाटत होतं.” तिनं गॅस बारीक केला. “मग गाडीची वेळ झाली. फोन त्यांनीच ठेवला गो. माझ्याच्यानं ठेववला नसता.”